चेन उतरते म्हणून ती आणखी आवळू नका

गुहागर तालुक्यातील एका आंबा बागायतदारांचे पत्र आले आहे. थोडक्यात ते असे: ‘आमची हापूसची जुनी कलमे उंच गेली आहेत आणि आत ऊन पोहोचत नाही, म्हणून यंदा मधल्या उभ्या फांद्या काढायचे ठरवून अठरा इंची बारचा (बार म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी), ५८ सीसीचा चेनसॉ घेतला. पहिल्याच दुपारी चेन तीनदा बारवरून उतरली. दुकानदाराला फोन केला, तर “चांगली आवळून घ्या” म्हणाला. पान्याने आवळली. चेन उतरायची थांबली, पण मशीन दमल्यासारखे चालू लागले, बारच्या टोकाकडून धूर आला आणि तिथला रंग निळसर झाला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो चेन पुन्हा ढिली. गडी म्हणतो, चेनच खराब आहे. चेनसाठी आम्ही पॉवर टिलरचे काढलेले जळके ऑइल वापरतो. चेन नेमकी किती ताणावी, आणि नवी घ्यावी का?’

सप्रेम नमस्कार.

आपण सगळा क्रम नीट लिहून पाठवला आहे आणि त्या क्रमातच बरेचसे उत्तर आहे. चेन ढिली झाल्यामुळे उतरली हे खरे, पण ती ढिली का झाली हा प्रश्न तसाच राहिला आणि इलाज मात्र आवळण्याचा झाला. चेन लांबते ती मुख्यतः तापल्यामुळे, आणि ती तापते तेल कमी पोहोचल्यामुळे किंवा दात बोथट झाल्यामुळे. अशा तापलेल्या चेनला आणखी ताणले की ती बारच्या कडांवर अधिक दाबून घासते, त्यामुळे आणखी तापते आणि थोड्या वेळाने पुन्हा ढिली पडते. टोकाकडे आलेला निळसर रंग ही त्याच उष्णतेची खूण आहे. आपल्या गड्याने चेनला दोष दिला असला तरी मला आधी जळक्या ऑइलचा संशय येतो, त्यानंतर ताण देण्याच्या पद्धतीचा, आणि चेनचा अगदी शेवटी.

ताण देण्याची पद्धत आधी सांगतो, कारण उद्या सकाळी काम सुरू करण्यापूर्वी ती लागेल. मशीन बंद आणि थंड असावे, प्लगची टोपी काढून ठेवावी आणि हातात जाड मोजे असावेत, कारण बंद मशीनची चेनसुद्धा बोटे कापते. पुढचा चेन-ब्रेकचा दांडा स्वतःकडे ओढून ब्रेक सोडावा. तो लागलेला असेल तर चेन हाताने फिरणार नाही आणि आपल्याला वाटेल की ताण जास्त झाला. मग बाजूच्या झाकणावरचे दोन्ही नट सैल करावेत, पण काढू नयेत. ते बोटांनी फिरतील इतपतच सैल हवेत. यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात: बारचे टोक हाताने वर उचलून धरायचे, किंवा टोकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवायचा. कापताना फांदी बारला वरच्या दिशेने रेटते. टोक खाली लोंबत असताना नट आवळले, तर पहिल्याच कापाला बार झाकणाखाली किंचित वर सरकतो आणि मघाशी दिलेला सगळा ताण निघून जातो. नवीन मशीनवर पहिल्या दुपारीच तीन वेळा चेन उतरली, यामागे हे कारण असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

टोक उचललेले असतानाच ताणाचा स्क्रू फिरवावा. बहुतेक मशीनवर तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की चेन ताणली जाते. नजर बारच्या खालच्या कडेवर, मध्यभागी ठेवावी. सैल चेन तिथे झोळीसारखी लोंबलेली दिसते. स्क्रू फिरेल तशी ती वर येते, दातांमधले सपाट दुवे बारच्या कडेला जेमतेम टेकतात आणि मधली फट दिसेनाशी होते. तिथे थांबावे आणि टोक खाली न सोडता दोन्ही नट पान्याने आवळावेत. मग परीक्षा घ्यावी. बारच्या वरच्या बाजूला मध्यावर चेन चिमटीत धरून वर ओढली, तर खालचे पाकळीसारखे दुवे, ज्यांना ड्राइव्ह लिंक म्हणतात, खाचेतून थोडे वर आले पाहिजेत, पण पूर्ण बाहेर येता कामा नयेत. सोडल्याबरोबर चेन आपणहून परत बसली पाहिजे. त्यानंतर चेन बारभोवती हाताने ओढून एक पूर्ण फेरी करावी. ती न अडखळता फिरली तर ताण बरोबर आहे. दोन बोटांनी ओढवत नसेल, तर एवढ्या ताणाने मशीन चालवणे म्हणजे ब्रेक दाबून गाडी चालवण्यासारखे आहे, आणि आपले मशीन दमल्यासारखे का वाटले ते यावरून कळेल.

एक खात्री मात्र आधी करून घ्यावी. स्क्रू फिरवल्यावर एक छोटी खुंटी पुढेमागे सरकते आणि ती बारच्या एका भोकात बसलेली असावी लागते. बार काढून परत बसवताना ती खुंटी भोकाबाहेर राहिली, तर स्क्रू कितीही फिरवला तरी ताण येत नाही, आणि नट जोरात आवळले तर खुंटी वाकते किंवा झाकण तडकते. स्क्रू फिरतो पण चेन हलत नाही असे दिसले की जोर लावू नये, झाकण उघडून पाहावे.

एकदा दिलेला ताण दिवसभर टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये. नवीन चेनचे रिवेट आणि दुवे एकमेकांत बसेपर्यंत ती थोडी लांबतेच, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात दोन-तीनदा मशीन बंद करून पाहणी करावी आणि पुढे प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना एकदा. कामाच्या मध्यात चेन गरम असताना लोंबू लागली आणि ताण वाढवावा लागला, तर काम संपल्यावर ती आठवणीने सैल करावी. गरम चेन लांब असते आणि थंड झाली की आखडते. आखडलेली चेन रात्रभर बारला आणि मागे क्रँकच्या दांड्याला व बेअरिंगला ओढून धरते. मी स्वतः ही चूक केलेली आहे. फणसाचे खोड कापताना संध्याकाळी आवळलेली चेन तशीच ठेवून मशीन पडवीत टांगले, आणि सकाळी ती हाताने तसूभर हलेना. नशिबाने बेअरिंग वाचले, पण नट सैल करताना बार ‘टक्’ आवाज करून मागे सरकला तो मला अजून ऐकू येतो.

आता तेलाकडे वळतो. काढलेले ऑइल फुकट मिळते आणि कोकणात ते सर्रास ओतले जाते हे मला माहीत आहे, तरीही ते वापरू नये. इंजिनातून निघालेल्या ऑइलमध्ये धातूचे बारीक कण आणि काजळी असते. हे कण बारच्या खाचेत सहाणेसारखे काम करतात आणि तेलाच्या छोट्या पंपाचेही नुकसान करतात. दुसरे म्हणजे त्यात चिकटपणा नसतो. चेन बारच्या टोकाला वळसा घेते तेव्हा पातळ तेल भिरकावले जाते आणि खालच्या बाजूला, जिथे प्रत्यक्ष कापणे चालते, तिथे फारसे उरत नाही. चेनसाठी मिळणारे तेल मुद्दाम ताराळ केलेले असते, म्हणजे बोटांत धरून उघडले तर तार निघते. ते मिळाले नाही, तर निदान नवे, स्वच्छ इंजिन ऑइल वापरावे. तिसरा मुद्दा बागेचा आहे: चेनवरचे सगळे तेल शेवटी भुशात, झाडाच्या कापावर आणि मातीत जाते. जळके ऑइल आपल्या कलमाच्या ताज्या जखमेवर शिंपडावे असे आपल्यालाही वाटणार नाही.

तेल चांगले असूनही चेनपर्यंत पोहोचते की नाही, हे पाहणे तितकेच गरजेचे आहे. मशीन सुरू करून बारचे टोक एखाद्या कोरड्या फिकट फळीपासून किंवा जुन्या वर्तमानपत्रापासून वीतभर अंतरावर धरावे आणि थोडी रेस द्यावी. काही क्षणांत त्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही तर बार काढावा. बारच्या मागच्या भागात एक छोटे भोक असते, त्यातून तेल खाचेत उतरते. तेल आणि भुसा मिळून त्यात काळी पुटी तयार होते. ती तारेने काढावी, मग खाचही मागून पुढे पातळ पट्टीने खरवडून साफ करावी. नारळाचे खोड कापले असेल तर झाकणाच्या आत काथ्यासारखे तंतू गुंडाळलेले सापडतात, तेही काढून टाकावेत. साधारण नियम असा की पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत तेलाची टाकीही जवळपास संपली पाहिजे. पेट्रोल संपले आणि तेल अर्धे उरले, तर चेन कोरडी चालली असे समजावे. आपल्याकडे त्या दिवशी तेल किती उरले होते, आठवून पाहा.

बोथट चेन ओळखायला भुसा पुरतो. धारदार चेन लाकडाचे लांबट तुकडे टाकते, बोथट चेन पिठासारखी पूड टाकते आणि मशीनवर जोर द्यावा लागतो. जोर दिला की उष्णता वाढते, उष्णतेने चेन लांबते, आणि आपण पुन्हा स्क्रूकडे वळतो. चेन जमिनीला एकदा जरी लागली, तरी जांभ्याच्या खड्यांनी धार जाते. जुन्या कलमात कुंपणाची तार किंवा खिळा गाडलेला असेल तर काही विचारायलाच नको. म्हणून जमिनीवर पडलेली फांदी कापताना खाली ओंडका घ्यावा.

या दातांची एक गोष्ट आपल्यासारख्या आंबेवाल्यांना विशेष कळेल. आज सगळीकडे चालणारा हा वळणदार दात अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने काढला. १९४६ मध्ये त्याने एका भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. अळीचे जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले होते आणि ती लाकडाच्या रेषेला आडवे-उभे कसेही सहज कापत होती. त्यावरून त्याने १९४७ मध्ये आपली चेन बाजारात आणली. तेव्हा खोड पोखरणाऱ्या ज्या भिरुडाच्या नावाने आपण बोटे मोडतो, त्याच्याच जातभाईची ही देणगी आहे. धारदार दाताने फांदी स्वच्छ कापली जाते. बोथट चेनने साल फाटते, आणि फाटलेल्या सालीत भिरुडाला अंडी घालायला जागा मिळते. म्हणून बागेत धार ही केवळ मशीनच्या सोयीची बाब राहत नाही.

धार लावायला गोल कानस लागते. आपल्या मशीनवर बहुधा .३२५ इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या दुव्यांमधल्या अंतराचे माप) चेन असेल, तिला ४.८ मिलिमीटर व्यासाची कानस चालते. खात्रीसाठी बारवर कोरलेला आकडा वाचावा. दातावर जो तिरपा कोन असतो तो साधारण ३० अंशांचा असतो आणि तोच कायम ठेवायचा. कानस आडवी, पातळीत धरावी आणि तिचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या माथ्यावर राहावा. दाताच्या आतल्या बाजूकडून बाहेर ढकलावी, परत आणताना उचलून आणावी. दोन्हीकडे घासली तर कानसही जाते आणि धारही. एका बाजूचे सगळे दात आधी, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे, आणि प्रत्येक दाताला मोजून तितकेच हात. एका बाजूचे दात आखूड झाले तर काप सरळ न जाता वळत जातो. प्रत्येक दातापुढे जो छोटा उंचवटा असतो, तो दात किती खोल शिरेल ते ठरवतो. दात घासून खाली आला की उंचवटाही सपाट कानशीने उतरवावा लागतो. दोन्हींतला फरक साधारण ०.६५ मिलिमीटर असावा. तीन-चार धारांमागे एकदा मापपट्टी लावून पाहणे पुरे. अंदाजाने जास्त उतरवला, तर मशीन झटके देते आणि उसळते. त्यापेक्षा थोडी मंद चालणारी चेन बरी.

तीन वेळा उतरलेल्या चेनची एक तपासणी राहिली. चेन पळत असताना उतरली की मागचे स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारे दातेरी चाक, ड्राइव्ह लिंकांना ओरखडे पाडते आणि त्यांना बारीक कडा फुटतात. मग तो दुवा खाचेत नीट शिरत नाही आणि चेन पुन्हा उतरते. ताण अगदी बरोबर असला तरी. चेन काढून एकेक दुवा बोटाने चाचपावा आणि कडा लागल्या तर सपाट कानशीने हलकेच उतरवाव्यात. दुवा वाकला किंवा तडकला असेल तर मात्र ती चेन वापरू नये. त्याचबरोबर मशीनच्या पोटाशी, बारच्या मुळाखाली, चेन पकडणारी जी खुंटी असते ती शाबूत आहे ना हे पाहावे. उतरलेली किंवा तुटलेली चेन तिच्यामुळेच आपल्या उजव्या हातापर्यंत पोहोचत नाही. अंगठ्याएवढ्या लवचीक डहाळ्यांवर चेनसॉ चालवू नये, हेही सांगतो. त्या दातात अडकून चेनला आडवे ओढतात आणि चांगल्या ताणलेल्या चेनलाही उतरवतात. डहाळ्यांना कोयता पुरतो. बार कापात अडकला तर पिळून काढू नये, त्याचाही परिणाम तोच. आणि कलमावर चढून काम चालले असेल तर मशीन खांद्याच्या वर नेऊ नये व बारच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही टेकू देऊ नये. तिथून मशीन तोंडाकडे उसळते.

निळसर पडलेला बार लगेच टाकू नका. टोकाचे छोटे चाक बोटाने फिरवा; ते मोकळे फिरत असेल आणि दोन्ही कडा सारख्या उंचीच्या असतील तर बार चालेल. कडेवर बाहेर आलेली पातळ धार सपाट कानशीने घासून टाका आणि बार उलटा करून बसवा, म्हणजे खालची बाजू वर. प्रत्येक वेळी धार लावताना असे उलटले तर तो दोन्हीकडून सारखा झिजतो. चेन बसवताना वरच्या बाजूचे दात टोकाकडे तोंड करून असले पाहिजेत. मशीन नुसते सुरू असताना, रेस न देता, चेन आपोआप फिरत असेल तर आयडलचा स्क्रू थोडा कमी करा. तरीही थांबली नाही तर क्लच दाखवून घ्या.

पेट्रोलचे दोनच शब्द. मिश्रण पुस्तिकेत असेल तसेच ठेवावे: १:२५ लिहिले असेल तर लिटरला ४० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल, १:५० असेल तर २० मिलिलिटर. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतली ओल ओढून घेते. पुरेशी ओल झाली की पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळे बसतात आणि त्या थरात टू-स्ट्रोक ऑइल जवळजवळ नसते. तेच आधी कार्बोरेटरमध्ये गेले तर इंजिन कोरडे चालते. म्हणून लागेल तेवढेच मिश्रण करावे आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवावे. एअर फिल्टर रोज संध्याकाळी झटकावा.

नव्या चेनबद्दल माझे मत असे: आज घेऊ नका. तेल बदला, तेलाचे भोक आणि खाच साफ करा, दुवे तपासा, धार लावा, टोक उचलून ताण द्या आणि पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत चालवून पाहा. तेवढ्यात चेन दोनदा-तीनदा पुन्हा लोंबली आणि तेलाची रेघ मात्र नीट उमटत असेल, तर झाकण उघडून मागचे स्प्रॉकेट पाहा. त्याच्या दात्यांवर सुमारे अर्धा मिलिमीटर खोल चर पडले असतील तर ते बदलायला हवे. नव्या मशीनवर हे सहसा होत नाही, पण मशीन आधी कुणी वापरलेले असेल तर सांगता येत नाही. कधीतरी चेन घ्यावी लागेलच, तेव्हा दुकानात ‘अठरा इंचाची द्या’ एवढेच सांगू नका. पिच, खाचेची रुंदी आणि ड्राइव्ह लिंकांची संख्या, असे तीन आकडे लागतात. अठरा इंची बारवर पुष्कळदा .३२५, .०५८ आणि ७२ असे असतात, तरी आपल्या बारवर काय कोरले आहे ते वाचा आणि जुन्या चेनचे दुवे खडूने खूण करून मोजा. शक्य असल्यास जुनी चेन खिशात घालूनच जा.